लाल गाडीचा पट्टा आणि माझी राळ

आमच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन धडधडत असलं तरी त्या गाडीचा आवाज मला पार पानमळ्याच्या वळणापासून ऐकू यायचा. बारीक, किंचाळणारा, दात शिवशिवतील असा. दळणाला आलेल्या बायांना तो गाडी दारात आल्यावरच कळायचा. मला मात्र आधीच कळायचं, आणि कळलं की पोटात कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. सोमवार आणि गुरुवार. सकाळी नऊच्या सुमाराला बारामतीकडून इंदापूरला जाताना एकदा, दुपारी चारला परत येताना एकदा. आठवड्याला चार चिमटे.

पन्नास साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. निमगाव केतकीत, रस्त्याला लागूनच, आमचं पत्र्याचं लांबट छप्पर होतं. मधे कुडाची आडभिंत. एका अंगाला गिरणी, दुसऱ्या अंगाला नवऱ्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान. सगळं गाव नवऱ्याला मिस्त्री म्हणायचं. मीही इथं तेच म्हणते, कारण आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि इतक्या वर्षांनी ती मोडून मला काही मिळायचं नाही.

गिरणी सासऱ्यांची. मिस्त्री पुण्याला मालट्रकांवर चार वर्षं काम शिकून आले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण काही पीठ दळणार नाही. सासऱ्यांनी मग मला इंजिनापाशी उभं केलं. सातवी पास झालेली सून पट्ट्याच्या गिरणीवर, म्हणून आळीतल्या बायांनी नाकं मुरडली. सासऱ्यांनी मनावर घेतलं नाही. ते म्हणायचे, "माज्या पोराला हात हाय. हिला कान हाय. दोगांचं मिळून एक मिस्त्री हुईल." ह्यावर मिस्त्री नुसते हसायचे. सासरे गेले आणि गिरणी माझ्या गळ्यात राहिली.

जाण्याआधी त्यांनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. इंजिनाची मोठी पुली आणि जात्याची पुली ह्यांच्यावरून जो रुंद चामडी पट्टा फिरतो, तो घसरायला लागला की त्याला राळ लावायची. राळेचा पिवळा खडा कुटून ठेवलेला असायचा, चिमूटभर टाकली की पट्टा पुलीला घट्ट धरायचा. आणि पट्टा घसरत नसून एका कडेला सरकत सरकत उतरायला लागला, तर राळ कामाची नाही. मग दोरी धरायची. एकानं ह्या पुलीच्या तोंडाला सुतळी लावायची, दुसऱ्यानं त्या पुलीच्या. दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, म्हणजे चारी ठिकाणी, दोरी टेकली तर पुल्या एका ओळीत. एका ठिकाणी जरी फट राहिली तरी इंजिन पहारीनं सरकवायचं. दोरीला दोन माणसं लागतात. सासरे आणि मी धरायचो.

आता दुसरं माणूस म्हणजे मिस्त्री, आणि मिस्त्रींना वेळ नव्हता. दिवाळीपासून माझा पट्टा उतरत होता. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. चालत्या इंजिनावरून तो फाडकन सुटायचा आणि बाया ओरडून मागं सरायच्या. एकदा त्याचं टोक माझ्या दंडावर बसलं. हिरवानिळा वळ उठला. मिस्त्रींना दाखवला, तर म्हणाले, "जरा लांब हुबी ऱ्हात जा." दोरी धरायचं म्हटलं, तर "बघू उद्या." त्यांचा तो उद्या मी चार महिने बघत होते.

आणि अशात ती लाल गाडी आली.

ती दोनच माणसांची गाडी होती. डोक्यावर कापडाचं टप, तेही मागं दुमडलेलं. चाकांना सायकलीसारख्या तारा. बॉनेट मधोमध बिजागरीवर दुमडून दोन्ही बाजूंनी उघडायचं. आमच्या रस्त्यानं तोवर मालट्रक, एसटी, कारखान्याकडचे ट्रॅक्टर आणि बागाईतदारांच्या एक-दोन काळ्या मोटारी एवढंच जायचं. ही शर्यतीची विलायती गाडी चालवत होती एक बाई. बारामतीला राहणारी डॉक्टरीणबाई, आठवड्यातले दोन दिवस इंदापूरला एका दवाखान्यात बायकांची दुखणी बघायला जायची. गाडी तिला मुंबईच्या भावानं दिली होती म्हणे. तिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि केसांत रस्त्यानं उडालेली धूळ. ती धूळसुद्धा तिला शोभत होती, हे मला पहिल्या दिवशीच खटकलं.

"मिस्त्री, गाडी ओरडतेय हो," ती म्हणाली.

मिस्त्री ट्रकच्या खालून बाहेर आले. मग त्यांनी जे केलं ते मी आडभिंतीच्या फटीतून पाहिलं. ते रांजणापाशी गेले, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. जेवायला बसताना हा माणूस नुसता चूळ भरून हातावर पाणी ओतायचा. काळ्या बोटांनी भाकरी मोडायचा. त्या गाडीला हात लावायला मात्र साबण!

"कवा वरडती बाई? थंड असताना, का तापल्यावर? रेस दिली की वाढतं, का कमी हुतं? वळनावर काई फरक?"

ती एकेक सांगत होती आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते, मधे न बोलता, शेवटपर्यंत. गेल्या वर्षी मुंबईला डायनामो बिघडला होता, तो खोलून परत बसवला, तेव्हापासून थोडं थोडं सुरू झालं, असंही ती म्हणाली. मी दळण विसरून ऐकत राहिले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझं काय दुखतं, कधी दुखतं, थंड असताना का तापल्यावर, हे ह्या माणसानं मला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला त्यांच्याकडून काही लुगडं-दागिना नको होता. ह्या माणसानं एकदा, फक्त एकदा, कान देऊन माझं ऐकावं आणि माझ्या पट्ट्याकडं बघावं, एवढंच हवं होतं.

त्या दिवशी मिस्त्रींनी पट्टा ताणला. ह्या गाडीला एकच पट्टा, काळा, रबरी, पाचरीसारखा निमुळता. खालची इंजिनाची पुली, वर पंख्याची आणि बाजूला डायनामोची, तिघींना तो एकटा फिरवायचा. डायनामोचा नट ढिला करून तो बाहेर ओढला की पट्टा ताणला जातो, मग नट आवळायचा. किंचाळणं थांबलं. बाई हसली, मिस्त्री हसले. मी तिला प्यायला पाणी नेऊन दिलं, पण चांगल्या पितळी गडव्यातून नाही दिलं, पोचा पडलेल्या जर्मनच्या तांब्यातून दिलं. तिनं तो घटाघटा पिऊन "किती गार आहे" म्हटलं, त्यामुळं मला त्याचाही आनंद मिळाला नाही.

सोमवारी गाडी परत किंचाळत आली.

पट्टा पुन्हा ताणला. गुरुवारी परत तेच. मग मिस्त्रींनी पट्ट्यावर पाण्याची धार सोडून बघितली. पाणी होतं तोवर गाडी गप्प, सुकलं की पुन्हा सुरू. "पट्टा कोरडा पडलाय," असं ठरवून त्यांनी कडेनं साबणाची वडी फिरवली. साबण इंदापूरपर्यंतसुद्धा टिकला नाही. मग एसटीच्या ड्रायव्हरला सांगून पुण्याहून नवा पट्टा मागवला. तो बसवायला त्यांनी अख्खी सकाळ घातली, आणि माझ्या जुन्या पातळाचा मऊ तुकडा मागून घेऊन शेवटी बॉनेट पुसलं. माझंच पातळ!

दळणाला येणारे एक तात्या होते. कामधंदा मुलांवर सोपवलेला, त्यामुळं दळण झालं तरी पोत्यावर बसून राहायचे. गाडीचा आवाज आला की ते मला म्हणायचे, "पोरी, आली बग तुजी सवत वरडत." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचे. आतून जळून खाक व्हायचे.

कारण तोवर माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता. पुण्याच्या ट्रकवाल्यांनी नावाजलेला मिस्त्री, त्याला एवढासा पट्टा गप्प करता येत नाही? की त्याला तो करायचाच नाही? गाडी बरी झाली तर बाई थांबायची नाही, आणि बाई थांबली नाही तर साबणानं हात धुवायचे कुणासाठी? हे मनात आलं आणि मी रात्रंदिवस तेच दळत बसले. आज कळतं की तो बिचारा खरंच अडला होता. जेवताना घास हातात धरून शून्यात बघत बसायचा, भाजीत मीठ नाही हेही त्याला कळायचं नाही. पण तेव्हा मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीनं लावला.

नवा पट्टा आठ दिवस गप्प राहिला. पुढच्या सोमवारी पानमळ्याच्या वळणावर पुन्हा तो आवाज. मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. मला मात्र तो लपवलेला आनंद वाटला.

त्याच सोमवारी मी ते केलं. बाई गाडी लावून समोर हॉटेलात चहाला गेली. मिस्त्रींना रस्त्यापलीकडं एका मालट्रकवाल्यानं बोलावलं. बॉनेट उघडंच होतं. मी राळेची वाटी पदराखाली धरली आणि आडभिंतीला वळसा घालून गेले. माझा हिशेब सरळ होता. पट्टा घसरतो म्हणून किंचाळतो. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ. सगळ्या मुलखातले गिरणीवाले हेच करतात, गुऱ्हाळवालेही चरकाच्या पट्ट्याला हेच करतात, आणि मोठे मोटारवाले मिस्त्री मात्र साबण फिरवत बसलेत. मी बोटानं पट्ट्याच्या दोन्ही कडांना आणि तिन्ही पुल्यांच्या खाचांत राळ चांगली चोळली. आता ही गाडी कधीच ओरडायची नाही, आणि ही बाई कधीच थांबायची नाही. माझी बोटं चिकट झाली होती, ती पिठात बुडवली की कुणाला कळणार?

बाई आली, मिस्त्री आले, त्यांनी पट्टा पुन्हा थोडा ताणला, इंजिन सुरू केलं. एकदम गप्प. मिस्त्रींनी कपाळाचा घाम पुसला. बाई म्हणाली, "मिस्त्री, आज जमलं बघा." गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. मी दिवसभर गुणगुणत दळण दळलं, आणि त्या दिवशी माझा पट्टा दोनदा उतरला तरी मला राग आला नाही.

दुपारी चार वाजले. वळणावर जे ऐकू आलं ते आधीच्या आवाजाच्या दसपट होतं. डुकराच्या गळ्याला फास लागावा तसं. गाडी दारात आली ती जळक्या रबराचा वास घेऊन. बॉनेटच्या फटींतून धूर. दळणाच्या रांगेतल्या बाया उठून बाहेर धावल्या, तात्याही काठी टेकत उठले. बाईनं इंजिन बंद केलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, एकदा पाहिलं आणि तसेच उभे राहिले. साबण नाही, पाणी नाही. मग ते जमिनीकडं बघत म्हणाले, "बाई, ही गाडी तुमी पुन्याला न्या. माज्याच्यानं व्हत न्हाय."

चार गावचे लोक ज्याच्याकडं मोटारी घेऊन येतात, तो माणूस गिऱ्हाइकांच्या देखत हे बोलला. हेच मला हवं होतं ना? गाडी पुण्याला जावी, बाई पुन्हा दिसू नये. पण त्यांचा तो आवाज मला ऐकवेना. मी पुढं झाले आणि बॉनेटमधे वाकले.

पहिल्यांदा माझ्याच राळेनं मला ओळख दिली. राळ वितळून रबराच्या काळ्या भुकटीत मिसळली होती, आणि तिचा डांबरासारखा थर डायनामोच्या पुलीच्या खाचेत बसला होता. पण एकाच भिंतीला. पुढच्या, पंख्याकडच्या भिंतीला काळा थर, आणि मागच्या भिंतीला माझी सकाळची पिवळी राळ तशीच, कोरडी. तिथं पट्टा टेकलाच नव्हता. पट्ट्याचीही एक कड जळून चकाकत होती, दुसरी कोरी. हे दृश्य मी रोज बघत होते. माझ्या स्वतःच्या पट्ट्याची एक कड अशीच झिजली होती. हा घसरणारा पट्टा नव्हताच. हा तिरका चालणारा पट्टा होता. ह्याला राळ नाही, दोरी.

आता पंचाईत अशी की हे सांगायचं तर राळ कुठून आली तेही सांगावं लागणार. तोवर मिस्त्रींनी खाचेत बोट घातलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"ही राळ हाय. कुनी लावली?"

"म्या."

"कशापायी?"

मी बाईकडं बघत उत्तर दिलं, कारण त्यांच्याकडं बघून ते बोलता आलं नसतं. "ह्यांनी हितं थांबू नये म्हनून."

तात्यांना एकदम खोकला आला आणि तो थांबेना. डॉक्टरीणबाईनं काळा चष्मा काढला. त्याच्या आड तिचे डोळे इतके थकलेले असतील असं मला वाटलं नव्हतं. ती रागावली नाही. म्हणाली, "सगळा रस्ता लोक मला विचारतात, नवरा कुठंय, गाडी कुणाची. हे एकटेच गाडीला काय होतंय ते विचारतात. म्हणून थांबत होते."

तिचा नवरा कुठंय हे मीही चार जणींना विचारलं होतं. मला लाज वाटली. पण मत्सर गेला, असं मात्र समजू नका. तो लाजेच्या शेजारीच बसून राहिला.

"राळेचं चुकलं माजं," मी मिस्त्रींना म्हटलं. "पर डायनामो मागं बसलाय. दोरी धरा."

"मोटारीला दोरी? कंपनीतनं नीट बसून येत्यात पुल्या."

"कंपनीतनं नीट आल्या असत्याल. मुंबईला डायनामो खोलला हुता, बाईंनी पयल्याच दिशी सांगितलं न्हवं? तुमी तवा त्यांच्या तोंडाकडं बगत हुता."

हे मी बोलायला नको होतं. बोलले. माझी जीभ ही माझ्या कानाइतकीच तीक्ष्ण आहे आणि ती मला कधी विचारत नाही. मिस्त्रींचं तोंड कानापर्यंत लाल झालं. पण त्यांनी हात पुढं केला. मी गिरणीतून सुतळी आणली. त्यांनी इंजिनाच्या पुलीच्या तोंडाला एक टोक धरलं, मी पंख्याची पाती चुकवून दुसरं डायनामोच्या पुलीकडं ओढलं. इंजिनाच्या पुलीला दोरी दोन्ही कडांना टेकली. डायनामोच्या पुलीला एकाही कडेला टेकेना. जाड रुपया आत सरकेल एवढी फट, सगळ्यांना दिसली.

पुढचं काम हाताचं होतं, आणि हात मिस्त्रींचेच. त्यांनी डायनामो सोडवला. इंजिनावरच्या ज्या लोखंडी कानाला तो अडकतो तिथं पाठीमागं दोन वायसर, म्हणजे चकत्या, हवेत, ते मुंबईत कुणीतरी परत घातलेच नव्हते. त्यांनी डब्यातून मापाचे वायसर शोधून घातले. रॉकेलनं तिन्ही पुल्यांमधली माझी राळ खरवडून काढली. जळका पट्टा फेकला आणि खिळ्याला टांगलेला गाडीचा पहिला जुना पट्टाच परत चढवला. दोरी पुन्हा धरली. चारी ठिकाणी टेकली. मग त्यांनी इंजिन सुरू केलं आणि रेस दिली. पंख्याचा वारा तेवढा ऐकू आला.

डॉक्टरीणबाई जाताना माझ्यापाशी आली. "तुमच्यासारखा कान असलेली एक नर्स मला मिळाली तर बरं होईल," म्हणाली. मला भरून आलं, आणि लगेच रागही आला. हे शब्द मला ज्या तोंडातून हवे होते ते तोंड पाने-पक्कड पुसत पाठमोरं उभं होतं.

त्यानंतर आमच्या घरात दहा दिवस अबोला. मिस्त्री जेवायचे, ताट सारायचे, उठायचे. भांडण मला चालतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण गप्प बसलेल्या माणसाशी काय भांडणार? तोवर मी त्यांना एका बाईपायी गमवायची भीती धरून बसले होते. आता बाई गेली होती आणि मीच त्यांना चार माणसांत खाली बघायला लावून गमावलं होतं. ह्या विचारानं हातातलं माप खाली पडायचं.

आणि दुसरं एक झालं. गाडी गप्प झाली. पूर्वी वळणावरून तिची वर्दी यायची. मी सावध व्हायचे, पदर सारखा करायचे, आडभिंतीच्या फटीला डोळा लावायचे. आता ती कधी आली, थांबली की गेली, काही कळेना. मी दर थोड्या वेळानं गिरणीतून बाहेर येऊन रस्ता बघायला लागले. तात्या म्हणाले, "पोरी, सवत मुकी झाली तर तुजी झोप उडाली का गं?" मी त्यांचं दळण त्या दिवशी मुद्दाम जाड काढलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी माझा पट्टा उतरला. फाडकन. एक म्हातारी पिठाच्या डब्यावर पडता पडता वाचली. मी इंजिन बंद केलं, डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. वळले तर दारात मिस्त्री. एका हातात पहार, दुसऱ्या हातात सुतळी. हात कोपरापर्यंत धुतलेले, अजून ओले.

"धर," ते म्हणाले. दहा दिवसांतला पहिला शब्द.

मी जात्याच्या पुलीपाशी बसले. ते इंजिनाच्या पुलीपाशी. त्यांनी इंजिनाच्या पायाचे बोल्ट ढिले केले, पहार इंजिनाखाली घातली, दोरीचं टोक पुलीला धरलं आणि एक डोळा मिटून दोरीवरून माझ्याकडं बघितलं.

"दंडाचा वळ गेला का?"

"कवाच गेला."

"दुखत हुतं का लई?"

"व्हय."

त्यांनी पहारीवर जोर दिला. इंजिन कुरकुरत सरकलं. "सांग," ते म्हणाले.

"अजून सूतभर."

पुन्हा सरकलं. दोरी टेकली. एक, दोन, तीन, चार, चारी ठिकाणी. मला स्वच्छ दिसत होतं. पण ते दोरीवरून माझ्याकडं बघत होते, माझ्या तोंडून काय निघतं त्याची वाट बघत, तसंच मान झुकवून, तसंच मधे न बोलता. सहा वर्षांनी हे माझ्या वाट्याला आलं होतं. ते मी एवढ्यात सोडते होय? मी म्हटलं, "अजून जरा."

त्यांनी पहारीवर जोर दिला. "आता?"

"अजून थोडं."

बाहेर रस्त्यावरून लाल काहीतरी झर्रकन गेलं. एकदा हॉर्न वाजला. मी दचकून दाराकडं बघितलं. मिस्त्रींनी मान वळवली नाही.

"आता?"

"अजून."

दळणाच्या बाया चुळबुळायला लागल्या. माझं लक्ष पहारीकडं गेलं. ती मघापासून जागची हललीच नव्हती. हे नुसतेच तिच्यावर हात ठेवून जोर लावल्याचं सोंग करत होते.

"अवो, दोरी तर लागलीया," मी म्हटलं.

"कवाच लागलीया. मला बी दिसतंय."

"मग बोलला का न्हाय?"

"तू सांगत हुतीस," मिस्त्री म्हणाले. "म्हनून ऐकत हुतो."